पिवळ्या चिठ्ठीचे उंदीर

ईशानमामानं जिलेबीची ताटली बाजूला सरकवली, तेव्हा सावनीला पहिल्यांदा भीती वाटली.

२०५८ सालचा मे महिना होता. अकरा वर्षांची सावनी सुट्टीत वर्ध्याला आली होती, आईच्या वडिलांकडे. त्यांना ती आबाजी म्हणायची. डॉ. प्रफुल्ल डहाके हे त्यांचं नाव. मनाच्या आजारांवर औषधं शोधणारी एक प्रयोगशाळा गावाबाहेरच्या टेकडीवर होती आणि आबाजी तिचे प्रमुख होते. घरही तिथेच, टेकडीच्या पायथ्याशी. ईशानमामा हा आबाजींचा मुलगा. तो नागपूरला पूल बांधणारा इंजिनियर होता, आणि सावनीच्या ओळखीतला सगळ्यात गोडखाऊ माणूस. यंदा मात्र तो चार महिन्यांची रजा घेऊन घरी बसला होता.

तो रडत नव्हता की चिडत नव्हता. सकाळी खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचा तो दुपारपर्यंत तिथेच. सावनीनं मुद्दाम गरम जिलेबी आणली, तर दुसऱ्याच्या सामानाकडे बघावं तसं त्यानं जिलेबीकडे बघितलं आणि म्हणाला, "तू खा."

संध्याकाळी फिरायला गेल्यावर सावनीनं आबाजींना विचारलं, मामाला झालंय तरी काय? आबाजींनी काही लपवलं नाही. मामाला नैराश्य हा आजार झाला होता.

"परीक्षेत कमी गुण मिळाले की तुला वाईट वाटतं," ते म्हणाले, "पण दोन दिवसांनी तू खेळायला जातेस. नैराश्यात ते 'दोन दिवसांनी' येतच नाही. जे आवडायचं तेच नकोसं होतं. हा आळस नाही आणि हट्टही नाही. ताप यावा तसा हा आजार आहे."

मेंदूत अब्जावधी पेशी असतात, त्या रसायनांच्या मदतीनं एकमेकींना निरोप देतात, आणि या आजारात ही देवाणघेवाण बिघडते, असं त्यांनी समजावलं. नेमकी कशी बिघडते ते अजून पूर्ण कळलेलं नव्हतं. औषधं होती, पुष्कळांना त्यांचा गुणही यायचा. पण मामाला दोन औषधं देऊन झाली होती आणि दोन्ही लागू पडली नव्हती. प्रयोगशाळेत आता एका नव्या औषधाची चाचणी चालू होती. त्याला अजून नाव नव्हतं, सगळे त्याला 'एक्केचाळीस नंबर' म्हणत. माणसांना देण्याआधी ते उंदरांना देऊन पाहत होते.

सावनी चालता चालता थांबली. उंदीर उदास आहे हे कळणार कसं? मामाला निदान विचारता तरी येतं.

आबाजींना हा प्रश्न फार आवडला. उत्तर उद्या बघायलाच ये, असं त्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सावनीनं पांढरा झगा चढवला, तोंडाला पट्टी बांधली आणि उंदरांच्या खोलीत पाऊल टाकलं. आत मंद उजेड होता आणि लाकडाच्या भुशाचा वास येत होता. चोवीस पिंजऱ्यांत चोवीस उंदीर होते, प्रत्येकाला लपायला पत्र्याच्या छपराचं एक छोटं घर. एक यंत्रमानव पिंजऱ्यांमधून फिरत होता. त्याची बोटं मऊ रबराची आणि चिमट्यासारखी होती, म्हणून त्याचं नावच चिमटा पडलं होतं. भुसा बदलणं, बाटल्यांचं वजन करणं आणि दिसेल ते लिहून ठेवणं ही त्याची कामं. माणसांच्या वासानं उंदीर बिचकतात, म्हणून तिथे माणसं क्वचितच येत. रोज एक तास आबाजी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून आकडे तपासायचे. आता त्यांच्याबरोबर सावनीही येऊ लागली. तिच्यासाठी नियम एकच होता. बघायचं, हात लावायचा नाही.

प्रत्येक पिंजऱ्याला दोन बाटल्या होत्या, एकीत साधं पाणी आणि दुसरीत साखरेचं. सावनीनं विचारलं, उंदराला जिलेबी?

"तसंच समज," आबाजी म्हणाले. ठणठणीत उंदीर दहा घोट प्यायला, तर त्यातले आठ-नऊ गोड पाण्याचे असतात. पण काही आठवडे त्याच्यामागे बारीकसारीक कटकटी लावल्या, म्हणजे कधी पिंजरा तिरका केला, कधी भुसा ओलसर ठेवला, कधी भलत्याच वेळी दिवे लावले, तर त्याचं गोडावरचं मन उडतं. मग तो दोन्ही बाटल्यांमधून सारखंच पितो. गोड आणि बेचव यांत त्याला काही फरकच उरत नाही.

सावनीच्या डोळ्यांसमोर मामा आला. आबाजींच्याही आला असावा.

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. अशा उंदराला 'नैराश्याचं प्रतिमान' (खऱ्या गोष्टीचं अभ्यासापुरतं केलेलं सोपं रूप) म्हणतात. पृथ्वीचा गोल ही जशी पृथ्वी नव्हे, तसा हा उंदीर म्हणजे आजारी माणूस नव्हे. त्याला पूल पडण्याची चिंता नसते आणि उद्याची काळजी नसते. पण त्याच्या मेंदूतली बरीचशी रसायनं आपल्यासारखीच आहेत, म्हणून तो आपल्याला एक धागा दाखवू शकतो. पूर्वी उंदरांना पाण्यात सोडून ते किती वेळ हातपाय मारतात ते मोजत. आबाजींनी तरुणपणी ते पाहिलं होतं आणि त्यांना ते कधी आवडलं नव्हतं. त्यातून नेमकं काय कळतं, याबद्दलही पुढे बऱ्याच शंका निघाल्या. आता या प्रयोगशाळेत त्रास कमीत कमी द्यायचा आणि उंदीर लागतील तेवढेच घ्यायचे, असा दंडक होता. काम संपलं की सगळे उंदीर बागेतल्या मोठ्या उंदीरघरात राहायला जात. आबाजी त्याला पेन्शन म्हणत.

पिंजऱ्यांवर रंगीत चिठ्ठ्या होत्या, बारांवर पिवळ्या आणि बारांवर निळ्या. एका रंगाच्या उंदरांना एक्केचाळीस नंबर मिळत होतं आणि दुसऱ्या रंगाच्या उंदरांना औषधाऐवजी नुसतं पाणी. औषधाविना ठेवलेल्या अशा गटाला 'तुलनागट' म्हणतात. तो नसेल, तर उंदीर औषधानं सुधारले की आपोआप, हे सांगता येत नाही. पण औषध कुठल्या रंगाला, हे खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. ते गुपित नागपूरच्या एका कार्यालयात बंद होतं.

तुम्हालाही माहीत नाही, याचं सावनीला नवल वाटलं.

"मला तर मुळीच माहीत नको," आबाजी म्हणाले. "हे औषध चालावं असं मला इतकं वाटतंय, की नसलेली सुधारणासुद्धा मला दिसायला लागेल."

सावनी रोज जाऊ लागली. आठवडाभरात तिला उंदीर ओळखू येऊ लागले. आणि तिला वाटू लागलं, की पिवळ्या चिठ्ठीचे उंदीर जास्त मलूल आहेत. तीन नंबरचा तर दिवसभर कोपऱ्यात अंगाचा गोळा करून बसलेला. दुसरा आठवडा संपला तरी तो तसाच. तिनं मनाशी हिशेब केला. हे सुधारत नाहीत, म्हणजे यांना औषध मिळत नाही. निळ्यांची चैन आहे, आणि या बिचाऱ्यांनी नुसतं तुलनेसाठी झुरायचं.

तिला ते सहन होईना. घरी कागदी रुमालांच्या गुंडाळीतल्या पुठ्ठ्याच्या नळ्या पडलेल्या असत. त्या तिनं जमवल्या. रोज आबाजींची पाठ वळली की ती दोनेक नळ्या जाळीच्या फटीतून पिवळ्या पिंजऱ्यांतल्या पत्र्याच्या घरांत सारायची. उंदराला हात लावायचा नाही असा नियम होता आणि तिनं लावला नाही. पण नळीबद्दल ती आबाजींशी बोललीही नाही. हे बरोबर नाही, एवढं तिला आतून कळत असावं.

उंदरांना नळ्या फार आवडल्या. ते त्यात शिरायचे, पलीकडून निघायचे, पुठ्ठा कुरतडून त्याचा मऊ बिछाना करायचे. तीन नंबरनं दोन दिवसांत अख्खी नळी फस्त केली. सावनीनं त्याला दुसरी दिली.

चार आठवडे झाले आणि निकालाचा दिवस आला. हे औषध प्रयोगशाळेतल्या नाझियाताईनं, म्हणजे डॉ. नाझिया शेख हिनं, बनवलं होतं. चार वर्षं ती त्यामागे होती. तिनं भिंतीवरच्या पडद्यावर आकडे आणले. पिवळे उंदीर दहातले आठ घोट गोड पीत होते, निळे साडेपाच. मग नागपूरहून गुपित उघडल्याचा संदेश आला. एक्केचाळीस नंबर पिवळ्यांना मिळत होतं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी संत्रा बर्फीचा डबा उघडला. आबाजींनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पुसला. सुरक्षिततेच्या बाकीच्या चाचण्या आधीच पार पडल्या होत्या. आता माणसांवरच्या चाचणीची परवानगी मागता येणार होती, आणि त्यात ईशानमामाचंही नाव घालता येणार होतं.

सावनीच्या हातात बर्फी तशीच राहिली. तिचा अंदाज साफ चुकला होता. पिवळ्यांना औषध मिळतच होतं, फक्त त्याला वेळ लागत होता. आणि त्याच पिवळ्यांना तिनं नळ्याही दिल्या होत्या. मग ते सुधारले कशानं? औषधानं, की नळ्यांनी?

नळ्यांचं फक्त तिलाच ठाऊक होतं. गप्प बसलं तर सगळे आनंदात राहतील आणि मामाला लवकर औषध मिळेल. बोललं तर नाझियाताईचं काम बुडेल आणि आबाजी पुन्हा कधी तिला आत नेणार नाहीत. ती घरी आली. दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मामाच्या खुर्चीजवळ जाऊन बसली. मामा हल्ली फारसा बोलत नसे, पण रागावतही नसे. तिनं त्याला सगळं सांगून टाकलं.

मामानं शेवटपर्यंत ऐकलं.

"मी दोन औषधं घेतली," तो म्हणाला. "रोज सकाळी वाटायचं, आज बरं वाटेल. ती वाट बघणं फार अवघड असतं, सावनी. तिसरं घ्यायचं तर त्याच्याबद्दल खरं काय ते माहीत असलेलं घेईन."

सावनी म्हणाली, मला भीती वाटते. मामा उठला. पायात घरातल्याच चपला होत्या, दाढी वाढलेली होती. चार महिन्यांत तो फाटकाबाहेर पडला नव्हता. मध्ये दोनदा त्याला दम घ्यायला थांबावं लागलं, पण टेकडीच्या चढावर तो तिच्याबरोबर प्रयोगशाळेपर्यंत चालत गेला.

दारात मुलाला पाहून आबाजी उठून उभे राहिले. पण बोलली सावनी. नळ्या, तिचा अंदाज, फट, सगळं तिनं एका दमात सांगितलं आणि खाली बघत उभी राहिली.

नाझियाताई खुर्चीत बसली. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद उतरताना सावनीला दिसला, आणि ते तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. मग नाझियाताईनं चिमट्याला बोलावलं आणि पिंजऱ्यांत नळ्या दिसल्या होत्या का, असं विचारलं.

"होय," चिमटा म्हणाला. "सत्तावीस नळ्या. तारीख, वेळ आणि पिंजरा क्रमांक नोंदवले आहेत. भुसा बदलताना मी प्रत्येक नळी जागेवर परत ठेवली."

मग सांगितलं का नाहीस, आबाजींनी विचारलं.

"कुणी विचारलं नाही. नोंद नऊशे बाराव्या पानापासून आहे."

एवढ्या सगळ्यात नाझियाताईला हसू फुटलं. ती पानं आम्हीही वाचायला हवी होती, असं ती म्हणाली. आबाजी मात्र हसले नाहीत. त्यांनी सावनीला समोर बसवलं.

"तुला त्या उंदरांची दया आली, त्यात काही चूक नाही," ते म्हणाले. "पण दोन गटांत एकाच गोष्टीचा फरक असेल, तरच निकाल बोलतो. दोन फरक झाले की तो गोंधळतो. तू सांगितलं नसतंस, तर या गोंधळावर विसंबून आपण शेकडो माणसांना गोळी दिली असती."

सावनीनं विचारलं, मग आता औषध टाकून द्यायचं का? उत्तर नाझियाताईनं दिलं. टाकायचं कशाला? ते चालतही असेल. आपल्याला माहीत नाही, इतकंच. माहीत नसेल तर पुन्हा विचारायचं. आणि आता विचारायला एक प्रश्न जास्त आहे. नळी काय करते?

तिनं फळ्यावर चार चौकोन काढले. पहिल्या गटाला काहीच नाही. दुसऱ्याला फक्त नळी, तिसऱ्याला फक्त औषध. चौथ्याला दोन्ही. नळ्या काही लपणार नव्हत्या, पण औषध कुणाला हे या वेळीही नागपूरलाच बंद राहणार होतं. नळ्यांचं माप सारखं असायला हवं होतं, म्हणून त्या कापण्याचं काम सावनीला मिळालं. सुट्टी संपेपर्यंत तिनं पट्टी लावून बरोबर दहा सेंटिमीटरच्या दीडशे नळ्या कापल्या. हे काम तिनं खोलीबाहेर, व्हरांड्यात बसून केलं. मामा शेजारी येऊन बसायचा. पहिले काही दिवस तो नुसता बघत होता. एकदा त्यानं एक नळी उचलली आणि म्हणाला, ही दोन मिलिमीटर जास्त आहे. पूल बांधणारा माणूस होता तो.

तीन नंबरचा उंदीर तोवर बागेत पेन्शनीत गेला होता. तिथेही तो पहिल्या दिवशी एका नळीतच जाऊन झोपला.

शाळा सुरू झाली, सावनी पुण्याला परतली. दिवाळीच्या सुट्टीत ती पुन्हा आली तेव्हा निकाल तयार होता आणि तो बघायला सगळे तिच्यासाठी थांबले होते. काहीच न मिळालेले उंदीर दहांत साडेपाच घोट गोड पीत होते. नुसती नळी मिळालेले साडेसहा, नुसतं औषध मिळालेले सात, आणि दोन्ही मिळालेले आठ.

सावनीनं कागदावर वजाबाक्या केल्या. नळीनं एक घोट वाढला, औषधानं दीड, दोन्ही मिळून अडीच. उन्हाळ्यात दिसलेल्या अडीच घोटांतला दीड घोट औषधाचा होता, उरलेला एक तिच्या नळीचा.

"म्हणजे औषध चालतं," ती हळूच म्हणाली. "आपल्याला वाटलं होतं त्यापेक्षा कमी. पण चालतं."

"उंदरांत," नाझियाताईनं दुरुस्त केलं. माणसांत चालतं की नाही, हे माणसांनाच विचारावं लागणार होतं. पण काय विचारायचं, ते आता जास्त नीट कळलं होतं. उंदराला नळी, तसं माणसाला काय? कुणाबरोबर तरी रोज थोडं चालणं, हातांना काहीतरी काम, जवळ एखादा जिवंत माणूस. म्हणून नव्या चाचणीतही चार गट ठरले. कुणाला नुसती गोळी, कुणाला गोळी आणि रोज सोबतीचा एक तास, कुणाला सोबतीच्या तासाबरोबर गोळीसारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी, आणि कुणाला फक्त ती औषध नसलेली गोळी. सगळ्यांवर डॉक्टरांची नजर राहणार होती, आणि कुणाची तब्येत ढासळली तर चाचणी सोडून त्याच्यावर उपचार होणार होते. चाचणीत औषध खरं ठरलं, तर शेवटी ते सगळ्यांना मिळणार होतं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी प्रयोगशाळेत नावनोंदणी सुरू झाली. शनिवार-रविवारची सुट्टी होती, म्हणून सावनी आईबरोबर आली होती. ईशानमामा अजून पूर्ण बरा नव्हता. काही दिवस तो खुर्चीतून उठायचा, काही दिवस नाही. आज उठला होता आणि त्यानं दाढीही केली होती. रांगेत साठ-सत्तर माणसं होती. काही म्हातारी, काही कॉलेजातली, एक बाई कडेवर बाळ घेऊन. सगळे जण आपापला अर्ज सावकाश वाचत होते.

मामानं आपला अर्ज दोनदा वाचला. आपली गोळी खरी आहे की नाही ते त्याला कळणार नव्हतं, तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही, आणि आबाजींना तर मुळीच नाही. मुलाचे आकडे आपल्याकडे येऊच नयेत, असं त्यांनी आधीच लिहून दिलं होतं.

"तुला काय वाटतं," मामानं सावनीला विचारलं, "मला खरी गोळी मिळेल?"

सावनीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. तिला अंदाज करायचा मोह झाला. मिळेल, नक्की मिळेल, असं म्हणायला किती सोपं होतं.

"मी सांगणार नाही," ती म्हणाली. "मला माहीत नाही, आणि कुणाला माहीत नसणंच बरं आहे. पण तू कुठल्याही गटात असलास तरी उत्तर काढायला तू लागणारच आहेस."

मामानं सही केली आणि पेन मागच्या बाईंकडे दिलं. बाळ कडेवर असल्यानं त्यांना लिहिता येईना, तेव्हा त्यानं बाळाला जरा वेळ घेतलं.

चाचणी दोन वर्षं चालणार होती. उत्तर येईल तेव्हा सावनी चौदा वर्षांची होणार होती. तिनं बोटांवर महिने मोजले आणि ठरवलं, की चार रकान्यांतले ते आकडे बघायला आपण इथेच, या प्रयोगशाळेत असायचं, आणि गुपित उघडेपर्यंत एकही अंदाज बांधायचा नाही.